शहाजिरं खायला आणि कुंडीत लावायला: तुर्भे मसाला मार्केटमधल्या गाळ्याचा रिव्ह्यू

ठाणे-नवी मुंबईत ज्यांना खरंच चांगलं शहाजिरं हवंय त्यांनी तुर्भ्याच्या मसाला मार्केटमध्येच जावं असं माझं स्पष्ट मत आहे, आणि त्यातही या गाळ्यावर, कारण इथे माल कुठला, कुठल्या सीझनचा हे विचारलं की नीट सांगतात. किराणावाल्याकडे हा प्रश्न विचारून बघा, तो तुमच्याकडे बघतच राहील. पण शहाजिऱ्याच्या बाबतीत सगळं त्यावरच आहे, गोड्या मसाल्याचा वास पण आणि तुमच्या कुंडीत बी उगवणार की नाही, उगवलं तर त्याला फूल येणार की नाही ते पण. मला दोन्हीसाठी हवं होतं, स्वयंपाकाला आणि गॅलरीतल्या कुंड्यांना, आणि दोन्हीचं उत्तर इथे मिळालं म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

जायचं कसं तर ठाण्याहून ट्रान्सहार्बर पकडायची आणि तुर्भ्याला उतरायचं, वाशी गाडी असो नाहीतर पनवेल गाडी, दोन्ही तिथे थांबतात. बाहेर रिक्षावाल्याला एपीएमसी मसाला मार्केट सांगितलं की पुरे. आत ट्रक, हातगाड्या, गोणी घेऊन पळणारे हमाल, त्यामुळे लहान मुलांना नेऊ नका आणि तोंडाला रुमाल नक्की बांधा, मिरचीची धूळ उडत असते, ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांनी तर दुसऱ्या कोणाला तरी पाठवावं. रविवारी मार्केट बंद. मार्च ते मे मसाल्याचा सीझन असतो तेव्हा सगळ्या ठाणे जिल्ह्याच्या बायका वर्षाची मिरची घ्यायला आलेल्या असतात, त्यावेळी गाळ्यावर तुमच्याशी बोलायला कोणालाही वेळ नसतो. शांतपणे निवडून घ्यायचं असेल तर दिवाळीच्या आधी जा, सकाळी अकराच्या आत.

बरेच गाळे होलसेलचे आहेत, किलोच्या खाली बोलतच नाहीत, आणि घरच्याला किलोभर शहाजिरं घेऊन करायचं काय, ते संपेपर्यंत त्याचा वास निघून गेलेला असतो. या गाळ्यावर शंभर ग्रॅमसुद्धा देतात आणि ते देताना तोंड वाकडं करत नाहीत, ही मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. काउंटरवर एक वयस्कर शेठ असतात, कच्छी आहेत पण मराठी एकदम आपल्यासारखं बोलतात. मी म्हटलं, "शेठ, शहाजिरं दाखवा, चांगल्यातलं." तर त्यांनी विचारलं, "ताई, गोड्या मसाल्याला पाहिजे की बिर्याणीला?" हा प्रश्न आजवर मला कुठल्याच दुकानात कोणी विचारला नव्हता.

मग त्यांनी दोन स्टीलच्या ताटल्यांत दोन वेगळे माल काढून ठेवले. एका ताटलीत शहाजिरं, दुसरीत काश्मिरी काळं जिरं. दुकानांत हे दोन्ही सर्रास एकाच नावाने विकतात, पण शेजारी शेजारी ठेवले की फरक लगेच दिसतो. शहाजिऱ्याचा दाणा चांगला चार-पाच मिलीमीटर लांब, दोन्ही टोकांना निमुळता आणि चंद्रकोरीसारखा वाकलेला, रंग तपकिरी आणि त्यावर उभ्या पाच फिकट रेषा, उजेडात धरलं की त्या रेषा मोजता येतात इतक्या स्पष्ट. काळं जिरं त्याहून बारीक, सडपातळ, जास्त काळपट. शेठ म्हणाले, बघून नका ठरवू, चोळा. तळहातावर चिमूटभर घेऊन अंगठ्याने रगडलं तर शहाजिऱ्याला गोडसर उबदार वास, आणि ज्यांनी घरात बाळंतशेपा वापरलाय त्यांना तो वास ओळखीचा वाटेल. ते उगाच नाही, दोन्हीत कार्व्होन नावाचं एकच द्रव्य असतं. गंमत म्हणजे पुदिन्याच्या एका जातीत, ज्याला स्पीअरमिंट म्हणतात, त्यातही कार्व्होनच असतं पण त्याचा रेणू आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा, म्हणून नाकाला पुदिना लागतो आणि इथे शहाजिरं लागतं. शहाजिऱ्यात दुसरं मोठं द्रव्य लिमोनीन, जे संत्र्याच्या सालीत असतं. काळ्या जिऱ्याचं तेलच वेगळं, त्याचा वास आपल्या नेहमीच्या जिऱ्याच्या बाजूला जातो, पण जास्त खोल आणि थोडा धुरकट.

भावात तर खूपच फरक आहे, काळं जिरं शहाजिऱ्याच्या कितीतरी पट महाग. त्याचं कारण पण शेठनी सांगितलं आणि ते खरं आहे. काळं जिरं काश्मीरमध्ये गुरेझ, किश्तवाडकडे आणि हिमाचलात किन्नौर, लाहौलकडे होतं, जमिनीत त्याचा छोटा कंद असतो, बियांपासून लावलं तर पहिलं पीक यायला तीन-चार वर्षं जातात, आणि बरंचसं तर अजून रानातूनच गोळा करतात. हिमाचलच्या काळ्या जिऱ्याला भौगोलिक मानांकन पण मिळालेलं आहे. शहाजिरं त्या मानाने शेतात पिकणारं, फिनलंड, नेदरलँड्स, पोलंड, इजिप्त असं बऱ्याच ठिकाणी होतं. त्यामुळे कोणी तुम्हाला शहाजिरं देऊन काळ्या जिऱ्याचे पैसे घेत असेल तर सरळ नाही म्हणा. आमच्या इथल्या एका दुकानातून मी काश्मिरी म्हणून महागडं पॅकेट आणलं होतं, त्यात निम्म्या काड्या, थोडी माती आणि बाकी साधं शहाजिरं तेही जुनं, रगडलं तर नुसता वाळक्या गवताचा वास. सीलबंद पॅकेटमध्ये रगडून बघता येत नाही हीच अडचण आहे. इथे गोणीतून समोर काढून देतात, वास घ्या, पटलं तर घ्या.

मी गोड्या मसाल्यासाठी शहाजिरं घेतलं आणि पुलावासाठी थोडंसं काळं जिरं. गोड्या मसाल्याला काळं जिरं लागतच नाही असं माझं मत झालंय, कारण त्यात धणे, सुकं खोबरं, तीळ, दगडफूल, नागकेशर, दालचिनी, लवंग, तमालपत्र एवढी सगळी मंडळी असताना त्या महागड्या वासाचा काही उपयोग होत नाही, तिथे शहाजिऱ्याचा गोडसर वासच हवा. आमच्याकडे सासूबाईंचं प्रमाण अर्धा किलो धण्याला पंचवीस ग्रॅम शहाजिरं असं आहे. त्या प्रत्येक जिन्नस वेगळा भाजतात, थेंबभर तेलावर, आणि शहाजिरं अगदी शेवटी, गॅस बंद करून नुसत्या तापलेल्या कढईत. दोन-चारदा हलवलं की काढायचं. यातलं तेल उडून जाणारं असतं, चांगल्या शहाजिऱ्यात साधारण तीन ते सात टक्के तेल असतं, खरपूस भाजायला गेलात तर ते सगळं स्वयंपाकघराच्या हवेत जातं आणि मसाल्यात नुसता कडवटपणा उरतो. यावेळचा मसाला कुटून झाल्यावर सासूबाईंनी डबा उघडून वास घेतला आणि शेजारच्या काकूंना हाक मारून बोलावलं, "या, वास घेऊन बघा." त्या सहजासहजी कशाचं कौतुक करत नाहीत, तेव्हा यातच काय ते समजा.

पण शहाजिरं म्हणजे फक्त गोडा मसाला आणि पुलाव एवढंच आपल्याकडे धरून बसतात, हे मला पटत नाही. युरोपात ते कोबीबरोबर, बटाट्याबरोबर आणि राय नावाच्या धान्याच्या काळ्या ब्रेडमध्ये घालतात, आणि ही तिन्ही कामं आपल्या घरात छान होतात. कोबीच्या भाजीला मोहरी-हिंगाच्या फोडणीत पाव चमचा शहाजिरं टाका, हळद अगदी कमी, वरून ओलं खोबरं, बाकी मसाला काहीच नको. कोबीचा जो एक उग्र वास येतो ना शिजताना तो दबतो आणि भाजी गोडसर लागते. उकडलेल्या बटाट्याच्या फोडी तुपावर परतताना पण तसंच, सोबत मिरची आणि मीठ, एवढंच, उपासाला चालतं की नाही ते तुमच्या घरच्या पद्धतीवर. राय इथे कुठून आणायचं, मी नाचणीचा ब्रेड करते घरी, एक भाग नाचणी, दोन भाग गव्हाचं पीठ, त्यात एक चमचा शहाजिरं अख्खंच. नाचणीला जो मातकट स्वाद असतो त्याच्याशी ते इतकं छान जुळतं की आता मुलं साधा ब्रेड मागत नाहीत. खाऱ्या शंकरपाळ्यात ओव्याच्या ऐवजी पण घालून बघा. फक्त ताकात घालू नका, निदान मला तरी नाही आवडलं, तिथे आपलं नेहमीचं जिरंच बरं.

आता कुंडीचं. मी शेठना म्हटलं की यातलं थोडं मला लावायचंय, उगवेल का. बाकी कोणी असता तर हो हो उगवेल म्हणून मोकळा झाला असता. त्यांनी एका गोणीकडे बोट दाखवून सांगितलं की ती जुनी आहे, ती नको, ही इजिप्तची याच सीझनची आहे, ही घ्या. आणि हे सांगणं किती महत्त्वाचं होतं ते मला नंतर कळलं. या सगळ्या कुळाचं, म्हणजे धणे, ओवा, शेपू, गाजर, शहाजिरं, या सगळ्यांचं बी लवकर म्हातारं होतं, दोन-तीन वर्षं जुनं बी बऱ्याचदा खूपच कमी उगवतं. दुसरी गोष्ट म्हणजे युरोपातलं शहाजिरं बहुतेक दोन वर्षांचं झाड असतं. पहिल्या वर्षी नुसती पानं आणि जमिनीत गाजरासारखी मुळी, मग हिवाळ्यात त्या रोपाला कित्येक आठवडे कडक थंडी लागावी लागते तेव्हा कुठे दुसऱ्या वर्षी दांडा येतो, फुलं येतात, बी धरतं. ठाण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे सोळा-सतरा अंश झाले तर आपण स्वेटर काढतो, त्या झाडाला ती थंडीच नाही. काही जण सांगतात बी फ्रिजमध्ये ठेवून मग लावा, त्याने काही होत नाही, कारण थंडी बियाला नाही, मुळी जाड झालेल्या रोपाला लागावी लागते. इजिप्तमध्ये मात्र एका सीझनमध्ये येणाऱ्या जाती हिवाळी पीक म्हणून घेतात, त्यांना ही थंडीची अट नाही. म्हणून आपल्या हवेत बी धरायची काही आशा असेल तर ती अशाच बियाची.

मी दिवाळी झाल्यावर लावलं, पाऊस पूर्ण गेला आणि रात्री जरा गार व्हायला लागल्या की हीच वेळ. कुंडी उथळ अजिबात नको, कमीत कमी फूटभर खोल पाहिजे कारण मुळी सरळ खाली जाते, आणि जिथे वाढवायचं तिथेच बी टाकायचं, ट्रेमध्ये रोप करून नंतर हलवलं तर मुळी दुखावते आणि रोप रुसून बसतं. माती, गांडूळखत आणि थोडी वाळू, पाणी झटकन निचरलं पाहिजे. बी रात्रभर भिजवून अर्धा सेंटिमीटर खोल टाकलं, वरून हलका हात फिरवला, आणि मग वाट बघायची. इथे बरेच जण कंटाळतात. मेथी-कोथिंबिरीची सवय असते आपल्याला, पाच-सहा दिवसांत हिरवं दिसायला हवं. शहाजिरं दोन आठवडे घेतं, कधी तीन पण, तोपर्यंत वरची माती सुकू द्यायची नाही पण चिखलही नाही. ते वर येतं तेव्हा आधी दोन लांबट साधी पानं दिसतात, गवत समजून उपटू नका, त्यानंतरचं पान बारीक कातरलेलं, गाजराच्या पाल्यासारखं, ते आलं की ओळख पटते. मग दाट झालेली रोपं काढून दोन रोपांत चार-पाच बोटं अंतर ठेवायचं, काढलेली रोपं फेकू नका, तशीच खायला घ्या.

आणि खरं सांगू का, आपल्या गॅलरीत शहाजिरं लावायचं ते पानांसाठीच. या पानाची चव कुठेही विकत मिळत नाही. कोथिंबीर आणि शेपू यांच्या मधली, पण शेपूइतकी उग्र नाही, मागे किंचित गोड. बाहेरची पानं कात्रीने कापत राहायचं, मधला कोंब ठेवायचा, महिना-दोन महिने पानं येत राहतात. काकडीच्या कोशिंबिरीत, मुगाच्या डाळीवर वरून, दह्यात कालवलेल्या बटाट्यात, अंड्याच्या पोळीत, सगळीकडे वापरली आम्ही. शिजवायची नाहीत, शेवटी वरून घालायची. मुळी पण खातात, पार्सनिपसारखी (गाजरासारखं पांढरट कंदमूळ) शिजवून, आमच्या कुंडीत ती करंगळीएवढीच झाली, सूपमध्ये घातली, चव चांगली होती पण त्यासाठी मुद्दाम लावावं असं नाही.

फेब्रुवारीत काही रोपांनी दांडा टाकला आणि वर कोथिंबिरीला येतात तसे पांढऱ्या बारीक फुलांचे झुबके आले. सगळ्यांना नाही, आठ-दहा रोपांत दोन-तीनच. लगोलग मावा नावाची कीड पण आली, या कुळाच्या फुलोऱ्यावर ती येतेच, नीमतेल आणि साबणाचं पाणी संध्याकाळी फवारलं तर आटोक्यात राहते पण फुलांवर मधमाश्या असताना फवारू नका. बी धरलं पण थोडंच, मार्चच्या उन्हाने निम्मं पोचट झालं. जे भरलं ते तपकिरी व्हायला लागल्यावर अख्खा झुबका कापून कागदी पिशवीत उलटा टांगला, कारण झाडावर पूर्ण वाळू दिलं तर दाणा दोन भागांत फुटून खाली सांडतो. त्या मूठभर बियांना जो वास होता तो विकतच्या कुठल्याच मालाला नाही, हे मान्य, पण मसाला करायचा तर बी विकतच आणायला लागणार, ठाण्याच्या हवेत घरच्या कुंडीतून पंचवीस ग्रॅम शहाजिरं काढण्याचं स्वप्न कोणी दाखवत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. एप्रिलमध्ये रोपं पिवळी पडतात, सावलीत सरकवून थोडे दिवस जास्त मिळतात, जूनच्या पावसात मुळी कुजणार म्हणजे कुजणारच. तेव्हा दर हिवाळ्याला नवीन पेरणी.

ऑनलाइन बियाणांची पाकिटं मिळतात, ती पण मी आणून बघितली, एका पाकिटात मोजून थोडेसे दाणे, वर परदेशी फुलांचा सुंदर फोटो, पण एका सीझनची जात आहे की दोन वर्षांची हे कुठेही लिहिलेलं नाही आणि पॅकिंगची तारीख होती पण बी कुठल्या वर्षीचं ते नाही. उगवलं पण कमी. त्या पैशात इथे शंभर ग्रॅम येतं, त्यातलं चमचाभर पेरायचं, बाकीचं खायचं. एक मात्र सांगते, मसाल्याचा माल हा पेरणीसाठी विकलेला नसतो, काही माल वाफेवर किंवा उष्णतेने निर्जंतुक केलेला असतो, तो उगवणार नाही, म्हणून घेतानाच स्पष्ट विचारा. आणि पेरायच्या आधी ओल्या टिश्यूपेपरवर दहा-वीस दाणे डब्यात ठेवून बघा, मोड आले तरच कुंडी अडकवा.

गाळ्याबद्दल तक्रारी पण आहेत. साध्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून देतात, वर नाव नाही, तारीख नाही, घरी आल्यावर शहाजिरं आणि काळं जिरं यातलं कुठलं कुठलं ते आपणच चिठ्ठी लावायची. प्लास्टिकमधून वास उडतो, त्यामुळे लगेच काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत काढा आणि शेगडीपासून लांब, अंधारात ठेवा, अख्खं ठेवलं तर वर्षभर उत्तम राहतं, पूड करून ठेवू नका. होम डिलिव्हरी नाही, फोनवर छोटी ऑर्डर घेत नाहीत, जीपे चालतं. शेठ नसले की पोरगा बसतो, तो माल चांगलाच देतो पण त्याला कुठला कुठून आला ते विशेष माहीत नसतं, आणि एकदा त्याने जुन्या गोणीतलंच मोजायला घेतलं होतं, मी रगडून बघितलं आणि दुसरं मागितलं तर काही न बोलता बदलून दिलं. सुट्ट्या ग्राहकांसाठी गोण्यांवर निदान सीझन आणि देश खडूने लिहून ठेवा अशी माझी त्यांना मनापासून विनंती आहे, मी तसं बोलले पण आहे. यंदा ऑक्टोबरमध्ये नवीन माल आला की शेठ कळवणार आहेत, पेरणीसाठी कोणाला हवं असेल तर शंभर-शंभर ग्रॅम एकत्रच आणू, ठाणे स्टेशनच्या आसपास कुठेही देता येईल.